हमीभावानंतरचे दोन दिवस

28 मे 2025 रोजी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव 436 रुपयांनी वाढवून क्विंटलला 5,328 रुपये केला. 30 मे रोजी कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणले. मधे दोन दिवस. पहिल्या निर्णयाची चर्चा पारावर झाली, दुसऱ्याची फक्त तेल कारखानदारांत. तेलबियांच्या बाजाराचा अभ्यास करताना मला दुसरी बातमी आधी वाचायची सवय लागली आहे. हमीभाव मिळायला खरेदी केंद्र उघडावे लागते, शुल्क मात्र जाहीर झाले की लगेच बंदरावर लागू होते.

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा भाव कसा ठरतो, हा हिशेब फार अवघड नाही. क्विंटलभर सोयाबीन गाळले की साधारण 18 किलो तेल निघते आणि 80 किलोच्या आसपास पेंड. तेल किलोमागे 10 रुपयांनी चढले तर 180 रुपये येतात, पेंड 10 रुपयांनी उतरली तर 800 रुपये जातात. म्हणूनच 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के शुल्क लावले, तेव्हा घरातला तेलाचा डबा महागला. औसा-निलंग्याच्या सोयाबीनला मात्र त्याचा फारसा हात मिळाला नाही. पेंडीचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे कोंबडीखाद्याचे कारखाने. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, तो त्यांना स्वस्तात मिळू लागला. पेंड परदेशी पाठवावी तर तिथे ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचे धोरण आखताना औशाच्या शेतकऱ्याला कोण कशाला विचारील? पण त्याचा भाव तिथेही ठरतो.

2021 आमच्याकडे कोणी विसरलेले नाही. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेले. बहुतेक शेतकऱ्यांकडे तेव्हा विकायला माल उरला नव्हता, पण पेरा मात्र चढत्या भावाकडे बघून वाढला होता. कुक्कुटपालन उद्योगाने ओरड केली आणि ऑगस्टमध्ये केंद्राने 12 लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला होता. आवक वाढली की भाव उतरतोच, सगळे खापर आयातीवर फोडणे बरोबर नाही. पण वेळ नेमकी ती निवडली गेली. जीएम सोयाबीन पेरायला आपल्या शेतकऱ्याला बंदी, त्याची पेंड बाहेरून आणायला मुभा, ही उघड विसंगती होती. डिसेंबरमध्ये सेबीने सोयाबीनचे वायदेही बंद केले. ते 2025 मध्येही बंदच होते, त्यामुळे पुढच्या भावाचा अंदाज बांधायचा तर आडत्याच्या तोंडाकडेच बघायचे.

आता ओलाव्याचे बघू. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 होता आणि बाजार चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. खरेदी केंद्राची अट 12 टक्के ओलाव्याची. आमच्याकडे परतीचा पाऊस दसऱ्याच्या पुढे रेंगाळतो. कापलेल्या पिकाची बनीम ताडपत्रीखाली झाकलेली असते, मळणी झाली तरी दाणा वाळायला ऊन मिळत नाही. केंद्रावर ग्रेडर कट्ट्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतो, यंत्रात टाकतो. आकडा 14 दिसला की माल परत. भाड्याचा टेम्पो उभा असतो, हरभऱ्याची पेरणी तोंडावर असते, दिवाळीचा बाजार करायचा असतो. तो टेम्पो गावाकडे जात नाही, थेट आडतीवर जातो.

खरे म्हणजे ओलाव्याचा प्रश्न बेरीज-वजाबाकीचा आहे. 15 टक्के ओलाव्याच्या क्विंटलमध्ये 85 किलो कोरडा माल असतो. तो 12 टक्क्यांवर आणला तर वजन साडेशहाण्णव किलोच्या थोडे वर भरते. म्हणजे पाणी सुमारे 3.4 किलो, 4,892 च्या भावाने 166 रुपये. तेवढे कापा आणि माल घ्या. त्याऐवजी शेतकरी आठ-नऊशे रुपये कमी घेऊन घरी जातो. 15 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्राने ही मर्यादा 15 टक्क्यांवर नेली. महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाला तेव्हा पाच दिवस उरले होते. हंगामाच्या सुरुवातीपासून जे होणार नाही असे सांगितले जात होते, ते एका पत्राने झाले. पुढे बारदान्याअभावी केंद्रे अडली, मुदत वाढवत फेब्रुवारी उजाडला. तरी राज्यात 11 लाख टनांच्या वर खरेदी झाली, हे मान्य करायला हवे. एकूण पिकाच्या मानाने तो पाव हिस्साही नव्हता.

तुरीची आणि कापसाची गोष्ट वेगळी नाही. तुरीची आयात 2021 मध्ये खुली झाली आणि मार्च 2023 मध्ये तिच्यावरचे शुल्कही गेले. मोझांबिक, टांझानियाची तूर दिवाळीच्या आगेमागे बंदरावर उतरते आणि जानेवारीत उदगीरच्या डाळमिलांच्या दारात आमची तूर पोचते. कडधान्यात आत्मनिर्भर होण्याची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली, पण तुरीची शुल्कमाफी मार्च 2026 पर्यंत होतीच. नांदेडचे तर ऑगस्ट 2025 मधले उदाहरण आहे. मुखेड तालुक्यात 17-18 तारखेला पावसाने गावेच्या गावे पाण्यात घातली. 18 तारखेलाच कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढल्याची अधिसूचना निघाली. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग पोळा झाल्यावर 31 डिसेंबरपर्यंत. अमेरिकेच्या जादा शुल्काने कापड उद्योग अडचणीत होता हे खरेच. त्याला सावरायचे पैसे मात्र कापूस उत्पादकाच्या खिशातून निघाले. त्यातच स्थानिक आपत्तीची विमा भरपाई राज्याने 2025 च्या खरीप हंगामापासून काढून टाकली.

शहरातल्या गिऱ्हाइकाला तेल-डाळ परवडली पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. त्यासाठी रेशनवर डाळ द्या, तेल द्या, त्याचा खर्च अर्थसंकल्पात दाखवा. आणि ज्या दिवशी पिकाचा हमीभाव जाहीर होतो, त्याच दिवशी त्या पिकाचे आयात शुल्क पुढच्या मेअखेरपर्यंत किती राहील, हेही जाहीर करा. सोबत ओलाव्यानुसार कपातीचा तक्ता प्रत्येक केंद्रावर लावा. या दोन्ही गोष्टींना नवा कायदा लागत नाही. यंदा तुमच्या गावात कोणी आमदार-खासदार फराळाला आले, तर हमीभाव किती वाढवणार हे विचारू नका. शुल्क किती आणि कधीपर्यंत, एवढे विचारा.