ऐनाचं नाव, ऐनाचं गाव

फाल्गुनात मुरबाडच्या रानातले ऐन पानं टाकून उघडे होतात, आणि तेव्हाच ते लांबून ओळखू येतात. साल काळपट, उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोन पडलेली, थेट मगरीची पाठ. त्याचाच भाऊबंद अर्जुन याच्या उलट. तो ओढ्याकाठचा, गुळगुळीत पांढुरक्या अंगाचा, पापुद्रे सोडणारा. इथवर सोपं आहे.

पंचाईत होते ती किंजळीपाशी. माहुलीच्या पायथ्याच्या रानात कोवळा ऐन आणि कोवळी किंजळ शेजारी उभी राहिली, की साल फारशी मदत करत नाही. पान उलटून पाहावं, तर देठाजवळ बारीक ग्रंथी दोघांनाही. ग्रंथी फक्त घराणं सांगतात: टर्मिनेलिया, ज्यात ऐन, अर्जुन आणि किंजळ तिघंही येतात. नेमका माणूस फळावरून कळतो. ऐनाच्या फळाला पाच रुंद, सारखे पंख, आणि त्यांवरच्या रेषा गाभ्यापासून सरळ कडेपर्यंत गेलेल्या. अर्जुनाचे पंखही पाचच, पण अरुंद, रेषा वर वळलेल्या. किंजळीचा एक पंख मोठा, दोन लहान. पावसाळा सरता सरता ती फुलते आणि दिवाळीच्या सुमाराला तिच्या तांबूस घोसांनी डोंगरउतार गंजल्यासारखे दिसतात. ऐन मात्र उन्हाळ्याच्या शेवटी फुलतो. त्याच कुळातल्या हिरड्या-बेहड्याला पंखच नाहीत. त्यांनी वाऱ्यावर भिस्त ठेवलेली नाही.

युरोपातली पुस्तकं वाचून ओकचं टोपीतलं फळ शोधणाऱ्याला इथे काही सापडणार नाही. ओक हिमालयात आहे, सह्याद्रीत नाही. इथल्या डोंगराची ओळख या पंखांवर आहे.

पण फळाआधी फांदी लागते, आणि शहापूर-मुरबाडकडे फांदीवर शेतकऱ्याचा हक्क जुना. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायची, म्हणजे राब करायचा. त्यासाठी ऐनाचे टहाळ तोडायचे, पालापाचोळा आणि शेणासोबत रचायचे, आणि पावसाआधी पेटवायचे. वर्षानुवर्षं छाटलेला ऐन गाठाळ, सरळसोट उभा राहतो, फक्त शेंड्याला पालवी. वनस्पतिशास्त्रातलं वर्णन मोकळ्या वाढलेल्या झाडाचं असतं. बांधावरचा ऐन कोयत्याने आणि भाताच्या गरजेने घडवलेला. त्याला ओळखायचं तर दोन्ही वर्णनं हवीत. पंखांवरून त्याचं नाव कळतं, घावांवरून गाव.