दुसरी बैठक

कुणाला पानाचा नाद असतो, कुणाला नाटकाचा. मला जुन्या, दोनच बैठकांच्या मोटारींचा. स्वस्तात घ्यायची, दुरुस्त करायची आणि चार पैसे सोडवून विकायची, असा हा सरळ व्यवहार. निदान घरी मी तसे सांगतो!

गेल्या वर्षी म्हापशाला 'सॅन स्टॉर्म' सापडली. गोव्यातच बांधलेली गाडी. इंजिन रेनॉचे, ११४९ सी.सी., अंग फायबरग्लासचे. त्याला गंज चढत नाही, म्हणून गिऱ्हाईक रंगावर भाळते. मी मात्र गोणपाट अंथरून खाली शिरलो आणि पान्याने लोखंडी सांगाडा ठोकला. खण्ण वाजले तर शाबूत. बद्द वाजले तर खाऱ्या हवेने पोखरलेला. एका कोपऱ्यात बद्द वाजले. किंमत पाडायला एवढे पुरे होते!

वरून म्हातारे मालक म्हणाले, "ही शेजारी बसायची. आता दुसरी बैठक रिकामीच असते हो."

घासाघीस काही जमली नाही. मागितले तेवढे मोजून आलो.

गाडी दुरुस्त झाली, गिऱ्हाइकेही येऊन गेली. "अहो, यात नफा कुठे आहे?" सौभाग्यवती विचारते. मी शेजारची बैठक पुसतो आणि तिच्यासाठी दार उघडतो.