मोरीचे दार

आम्ही दोघेही शिक्षक, दोघांचेही बी.एड. झालेले. २०१७ च्या मार्चमध्ये बिनपगारी रजा टाकून, मुलाला घेऊन शारजाला गेलो. तिथल्या एका भारतीय शाळेत दोघांना नोकरी मिळाली होती. पगार, व्हिसा, मुलाचा प्रवेश या सगळ्याची चौकशी जाण्याआधी केली होती. भांडी कोण घासणार, हे मात्र कोणी कोणाला विचारले नाही.

मढला आमच्या घरी कामवाली कधी नव्हती. गरजच वाटली नाही, कारण पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायला अम्मी होत्या. आमच्यातले सर शाळेतून आले की ओसरीवर चहा हातात यायचा. आमच्यातल्या बाईही शाळेतूनच यायच्या, पण त्यांच्या हातात विळी यायची. हे आम्हाला खटकत नव्हते. निदान दोघांपैकी एकाला तरी नाही.

शारजात भाडे परवडेना, म्हणून एका केरळी कुटुंबाबरोबर फ्लॅट वाटून घेतला. एक खोली त्यांची, एक आमची, स्वयंपाकघर दोघांचे. पहाटे ५ ते ६ शेगडी आमची, पुढे त्यांची. पहिला महिना बाई चारला उठायच्या, तीन डबे भरायच्या, दिवसभर शिकवायच्या आणि परतल्यावर कपडे, भांडी, रात्रीचा स्वयंपाक. सर वह्या तपासत बसायचे. एके दिवशी शेजारच्या चेचीने, म्हणजे त्या घरच्या ताईने, अगदी काळजीने विचारले, "सरांची तब्येत बरी नसते का?"

त्या रात्री आम्ही जेवताना फारसे बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून भांडी आणि कपडे सरांकडे गेले.

शिकायला बरेच होते. जूनमध्ये गच्चीवरच्या टाक्या अशा तापायच्या की गार पाण्याचा नळ सोडला की हात भाजायचा. चेचीच्या नवऱ्याने युक्ती सांगितली: उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा. त्याच्या आतले पाणी घराच्या गारव्यात निवते. मग गरम नळ सोडायचा आणि गार पाणी घ्यायचे. गावी फोनवर हे सांगितले तेव्हा कोणाला खरे वाटेना. मढला थंडीत आंघोळीला पाणी तापवावे लागते आणि इथे उलटेच! कपडे रस्त्याकडच्या बाल्कनीत वाळत घालायची मनाई, म्हणून स्टँड खोलीतच. धुळीचे वादळ आले की सकाळी पुसलेली फरशी दुपारी पुन्हा पुसायची. बाजरीचे पीठ मिळायचे, पण भाकरी सरांना अखेरपर्यंत जमली नाही. कंटाळा आला की खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, खुबूस आणायचे.

तेव्हा तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असे. (२०२२ पासून शारजात रविवारही सुट्टीचा झाला.) शुक्रवारी जुम्याच्या आधी बाथरूम धुणे सरांकडे. प्रेषित (स.) घरात काय करत, असे हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. ही हदीस आम्ही वर्षानुवर्षे इतरांना ऐकवत आलो होतो. हातात ब्रश घेऊन ती पहिल्यांदाच आठवली.

२०१९ मध्ये परतलो. जूनमध्ये माळशेजकडून पाऊस आला, घरी पाहुण्यांची दावत झाली. जेवणे उरकल्यावर सरांनी सवयीने ताटे उचलली आणि मोरीकडे निघाले. ओसरीवर मामू, शेजारी, शाळेतले दोघे बसलेले. अम्मींनी ताटे हातातून ओढलीच. "ठेव रे ते. मास्तर भांडी घासतो म्हणतील चार माणसं."

आणि सरांनी ठेवली. पुढे आठ-दहा दिवस पुन्हा ओसरीवर चहा येऊ लागला. दोन वर्षांची सवय मोडायला इतके दिवस पुरले. आमच्यातल्या बाईंनी एका शब्दाने टोकले नाही, विळी तेवढी जरा जोरात आपटायच्या. शेवटी विचारले ते मुलाने: "अब्बा, तिकडे तर तुम्हीच घासायचे ना?"

आता रात्रीची भांडी सरांची. अम्मी शेजारी पाटावर बसून तव्याची मागची बाजू काळी राहिली म्हणून बोलतात. मोरीचे दार मात्र आम्ही अजून लोटूनच घेतो.