वीस अंश उत्तर, मुक्काम तलासरी

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसात जीके क्विझ. विषय वर्ल्ड जिऑग्राफी, म्हणजे आपलं होम पिच! बुर्किना फासोची राजधानी? वागाडुगु. कझाकस्तानची? अस्ताना. वर '२०१९ ते २०२२ तिचं नाव नूरसुलतान होतं' हेही ऐकवलं. वीसपैकी अठरा. टाळ्या, बक्षीस म्हणून एक कॉफी मग, सगळं साग्रसंगीत.

"बॉस, तू मूळचा कुठला?" शेजारच्या डेस्कवरच्या मित्राने विचारलं.

"तलासरी."

"ते गुजरातमध्ये ना?"

"हो, तिकडेच," म्हणून मी विषय मिटवला.

तलासरी महाराष्ट्रात आहे. पालघर जिल्ह्यातला, अगदी सीमेवरचा तालुका. पण ते सांगितलं की 'म्हणजे आदिवासी एरिया का?' वगैरे सुरू होतं, आणि मुंबईत आल्यापासून मी ते टाळत आलोय. खरं सांगू? राजधान्या पाठ करायला लागलो तेही त्याच कारणाने. गाव कुणाला माहीत नाही, तर निदान आपल्याला जग माहीत आहे हे दाखवावं!

शनिवारी डहाणू लोकल आणि पुढे जीप करून घरी गेलो. सहावीतल्या भाचीपुढे मग नाचवला. ती अंगणात चिकू खात बसली होती.

"मामा, वागाडुगु कुठल्या समुद्राजवळ आहे?"

"अटलांटिक," मी ठोकून दिलं.

तिने दप्तरातून अ‍ॅटलास काढला. बुर्किना फासोला समुद्रच नाही! सभोवती सहा देश, आणि त्यातला मला एक घाना तेवढा आठवत होता. अठरा मार्कांची हवा तिथेच गुल.

"आता आपल्या गावावरून सरळ बोट ने," तिची पुढची ऑर्डर.

तलासरी वीस अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर. त्या रेषेवरून पूर्वेला निघालो. ओडिशा, म्यानमार, लाओस, व्हिएतनाम, चीनचं हैनान. मग अख्खा पॅसिफिक, वाटेत हवाई. आणि पलीकडे मेक्सिकोचा युकातान.

तिथे बोट थांबलं. चिकू मूळचा त्याच भागातला! त्याच्या झाडाच्या चिकातून पूर्वी च्युइंगगम बनायचं. 'चिकू' हा शब्दही तिकडच्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे आला असं मानतात. २०१६ साली जीआय टॅग मिळालेला आमचा डहाणू-घोलवडचा चिकू जवळजवळ त्याच अक्षांशावर, जगाच्या दुसऱ्या टोकाला रुजलाय. मेक्सिको सिटी मला पाठ होती. पण हातातलं फळ तिकडचं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

तसंच लिस्बनचं. राजधानी पोर्तुगालची, एक मार्क. पण आमच्या तालुक्याला लागून असलेली दादरा-नगर हवेली १९५४ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होती. तिथे जायचा हक्क मागत पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, आणि १९६० साली निकाल लागला. म्हणजे आमची शीव जागतिक कोर्टापर्यंत पोचली होती, आणि मी मात्र ती लपवत होतो.

तेव्हापासून माझी टेस्ट बदललीय. तुम्हीही करून बघा. कोरा नकाशा घ्या. राजधानी नाही, देशाचे शेजारी लिहा. चुकलेले तीन दिवसांनी पुन्हा लिहा. मग आपल्या गावाचा अक्षांश शोधून त्यावरून बोट फिरवा. आणि रोज घरातली एक वस्तू उचलून विचारा, ही मुळात कुठली? मिरची, बटाटा, चहा, काहीही. जी गोष्ट आपल्याशी जोडली जाते, ती घोकावी लागत नाही.

सोमवारी पिशवीभर चिकू घेऊन ऑफिसला गेलो. मित्राच्या डेस्कवर चार ठेवले.

"गुजरातचे?" त्याने विचारलं.

"नाही रे. त्या दिवशी चुकीचं सांगितलं तुला. तलासरी महाराष्ट्रात आहे. आणि हो, आदिवासी तालुका आहे. माझा."

तो एक चिकू सोलत म्हणाला, "सॉलिड गोड आहेत. बस, सांग की अजून."

मी कोरा कागद पुढे ओढला आणि मधोमध एक टिंब काढलं. तलासरी.