समासातली अक्षरं

वर्गातल्या एकीने पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने अर्थ लिहिले होते. मी रागावले, सगळं पुसायला लावलं.

नंतर जुन्या अरबी हस्तलिखितांविषयी वाचनात आलं. इस्तंबूलच्या इब्राहिम अल-हलबींनी १५१७ साली इस्लामी कायद्यावर ग्रंथ पूर्ण केला, ‘समुद्रांचा संगम’. अगदी मोजक्या शब्दांत! म्हणून सतराव्या शतकात शेखीजादेंनी त्यावर टीका लिहिली. (टीका म्हणजे दोष काढणं नव्हे हं! ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, तशी.) नाव काय, तर ‘नद्यांचा मेळ’!

अशा हस्तलिखितांत बहुधा मूळ शब्द लाल शाईत किंवा त्यांवर लाल रेघ, स्पष्टीकरण काळ्या शाईत. आणि समासात? वाचणाऱ्यांची वाकडीतिकडी टिपणं!

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, “पुन्हा लिही बरं.” ती बघतच राहिली. मग हळूच माझीच पेन्सिल मागितली.