रीस्टार्ट नसलेली रॅली

घरात बसून संगणकावर रॅली चालवायची तर पहिली अडचण गाडीची नसते, खुर्चीची असते. ऑफिसच्या खुर्चीला चाकं. ब्रेक जोरात दाबला की गाडी थांबायच्या आत आपणच मागे सरकतो. यावर हौशी मंडळींचा जुना उपाय म्हणजे चाकांखाली बूट. मीही चाकं जुन्या बुटांत अडकवली, पेडल भिंतीला टेकवले आणि स्टिअरिंगचा शिकंजा टेबलाला इतका आवळला की लाकडावर वळ उठले. टेबल हललं की हात बिचकतो आणि हात बिचकला की गाडी चरात.

माझं स्टिअरिंग लॉजिटेकचं जी-29, आत दातेरी चक्रं असलेलं. मातीच्या रस्त्यावर गाडी घातली की ते असं खडखडतं की खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर येऊन म्हणाले, “अरे, रात्री अकराला मिक्सर कसला लावतोस?” दुसऱ्या दिवशी टेबलाच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे घातले. मूळचा 900 अंशांचा फेर मी 540 वर आणतो. सलग उलटसुलट वळणं आली की हातांची अदलाबदल करायला सवड नसते.

पडद्यावरच्या दृश्याचा कोन ही गोष्ट मात्र बरेच जण अंदाजाने ठेवतात, आणि तिथेच फसतात. दृश्य जितकं रुंद, तितकी गाडी भन्नाट पळते असं वाटतं, पण वळण किती तीव्र आहे याचा अदमास पार चुकतो. 27 इंची पडदा डोळ्यांपासून 60 सेंटिमीटरवर असेल, तर खरा आडवा कोन भरतो जेमतेम 53 अंश. टेप घेऊन मोजावं आणि तेवढाच ठेवावा. सुरुवातीला नळीतून बघितल्यासारखं होतं. आठवडाभरात डोळा बसतो.

मी चालवतो तो खेळ ‘रिचर्ड बर्न्स रॅली’, 2004 सालचा. चित्रं आता जुनाट दिसतात. पण वजन कसं सरकतं, टायर मातीला कुठे धरतो आणि कुठे सोडतो, याचं गणित त्यात इतकं पक्कं आहे की लोक आजही त्यात नवे रस्ते आणि नव्या गाड्या घालून ऑनलाइन रॅली भरवतात. ठरलेल्या दिवसांत ज्याने त्याने आपापल्या घरून चालवायची.

सरावात सगळ्यात घातक बटण म्हणजे रीस्टार्ट. पहिल्या वळणावर गाडी जरा घसरली की बोट आपसूक तिकडे जातं. मग होतं काय, तर स्टेजचे, म्हणजे रॅलीतल्या एका टप्प्याचे, पहिले दोन किलोमीटर तोंडपाठ आणि शेवटचे दोन परके. रॅलीत प्रत्येक स्टेज एकदाच मिळते आणि आधीच्या स्टेजची मोडतोड पुढच्या स्टेजला सोबत येते. म्हणून तयारीच्या दिवसांत मी ते बटण स्टिअरिंगवर ठेवतच नाही. झाडाला धडको, चाक वाकडं होवो, गाडी शेवटपर्यंत न्यायचीच. स्टिअरिंग डावीकडे ओढत असताना सरळ कसं जायचं, रेडिएटर गेला आणि तापमानाचा काटा चढू लागला की गियर लवकर वर टाकून इंजिन कसं जपायचं, हे धडधाकट गाडीत कधीच कळत नाही.

ज्याच्या नावाचा हा खेळ, तो बर्न्सही तसा पोचण्यावर भर देणाराच. 2001 साली त्याने जगज्जेतेपद मिळवलं तेव्हा वर्षभरात रॅली जिंकली होती एकच, न्यूझीलंडची. त्याचे प्रतिस्पर्धी कॉलिन मॅकरे आणि टॉमी मॅकिनेन यांनी प्रत्येकी तीन जिंकल्या होत्या. पण ब्रिटनमधल्या शेवटच्या रॅलीत ते दोघं बाद झाले, बर्न्स तिसरा आला, आणि 44 विरुद्ध 42 गुणांनी मॅकरे मागे राहिला. 2005 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, मेंदूतल्या गाठीने बर्न्स गेला. हा खेळ बाजारात आला तेव्हा तो आजारीच होता.

सरावातला बाकी वेळ जातो नोट्सवर, म्हणजे पुढच्या वळणांच्या टिपणांवर. शेजारी बसलेला को-ड्रायव्हर ती वाचतो, त्यात आकडा जितका मोठा, तितकं वळण सौम्य. डावं पाच, शंभर मीटर, उंचवटा, उजवं तीन आवळत जाणारं. मी आधी सावकाश फेरी मारतो, जागोजागी थांबतो आणि त्या नोट्स माझ्या हाताला जुळतील अशा बदलतो. परवा एका उजव्या ‘तीन’च्या आतल्या कडेला गवतात बुंधा दिसला, नीट बघितल्याशिवाय न कळणारा. तिथे ‘आत कापू नको’ जोडलं. उंचवट्यापलीकडचं डोळ्यांना दिसत नाही; तिथे कानांवर भरवसा ठेवूनच पाय खाली ठेवावा लागतो. आवाज किती आधी यावा हेही ठरवता येतं. मला तो जरा लवकरच लागतो.

स्प्रिंग, डॅम्पर, डिफरन्शियल यांच्या आकड्यांत रात्री घालवणारे मला फारसे पटत नाहीत. मातीसाठी गाडी जरा उंच, स्प्रिंग मऊ, ब्रेकचा तोल हाताला बसेल असा; मग हात लावायचा नाही. रॅली सुरू होण्याआधी मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी मात्र चिकटवतो, कारण सर्व्हिसला, म्हणजे मधल्या दुरुस्तीच्या थांब्याला, मोजकीच मिनिटं मिळतात आणि तेव्हा डोकं चालत नाही. आधी सस्पेन्शन, मग स्टिअरिंग, मग रेडिएटर, वेळ उरलाच तर गियरबॉक्स. बंपर लोंबत असला तर लोंबू दे.