चि. मुक्ताला, आसगावहून

आसगाव (चौरास), ता. पवनी, जि. भंडारा

चि. मुक्तास,


वही घेऊन मी गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे का जाते, असं तू फोनवर विचारलंस. ते सविस्तरच सांगायला हवं, कारण तू एडिंबराला आहेस आणि तुझ्या मदतीशिवाय ही वही पुरी व्हायची नाही.

भंडाऱ्याला स्कॉटलंडच्या मिशनचा दवाखाना होता. माझ्या आईच्या वेळी बाई अडली की बंडी जुंपायची आणि तिकडची वाट धरायची. तिथल्या मडमबाईंच्या आठवणी इकडच्या म्हाताऱ्यांकडे अजून आहेत. एका आजीला डॉक्टरीणबाईंचं नाव सांगता येत नाही, पण सून वाचेपर्यंत त्या रात्रभर उशाशी बसून होत्या, हे ती काल घडल्यासारखं सांगते. मी हे उतरवून घेते. पण गोष्टीची ही अर्धी बाजू झाली. त्या मडमबाईंनी काय पाहिलं, आमच्याबद्दल त्यांना काय वाटलं, ते स्कॉटलंडला परतलेल्या त्या माणसांजवळ आहे.

नागपूरच्या मिशनरी स्टीफन हिस्लॉपचं नाव तुला त्याच्या नावाच्या कॉलेजमुळे माहीत आहे. हा माणूस 1845 मध्ये नागपूरला आला, शाळा काढली, धर्मप्रचार केला. मला मात्र त्याचं मोठेपण दुसऱ्याच कामात दिसतं. त्याने गोंडांच्या परंपरा, त्यांची लिंगोची गाणी ऐकून लिहून घेतली. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना तो पुराच्या पाण्यात बुडाला. सगळं लेखन अपुरं राहिलं होतं. रिचर्ड टेंपल यांनी ते कागद जुळवून 1866 मध्ये छापले, म्हणून आज आपल्याला ते वाचता येतात. कुणी लक्ष घातलं नसतं तर हिस्लॉपबरोबर ती गाणीही गेली असती.

मिशनची जुनी पत्रं तुझ्याच शहरात, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत. ती जरूर वाच. पण ती पत्रं वरिष्ठांना आणि देणगीदारांना लिहिलेली. पैसे देणाऱ्याला जे वाचायला आवडेल तेच त्यांत जास्त येणार, हे ध्यानात ठेव. तोंडी सांगितलेल्या गोष्टीत माणूस अधिक मोकळा होतो. केंब्रिजच्या दक्षिण आशिया केंद्राने भारतात राहून परतलेल्या इंग्रज कुटुंबांची पत्रं, रोजनिश्या, घरगुती फिल्म आणि त्यांच्या आवाजातल्या मुलाखती जमवल्या आहेत. असं काम आपल्या भंडाऱ्यापुरतं, लहान प्रमाणात का होईना, व्हायला हवं.

वेळ फार कमी आहे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्या काळात मिशनची कामं इथल्या माणसांच्या हाती येत गेली आणि परदेशी मंडळी परतत गेली. तेव्हा पंचविशीत असलेली नर्स आज ऐंशीच्या घरात असेल.

या परतलेल्या मंडळींना भेटशील तेव्हा "भारत कसा वाटला?" असं विचारू नकोस. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी परतल्यावर चर्चच्या सभांमधून इतक्यांदा दिलेलं असतं की ते घोटून गुळगुळीत झालेलं असतं. बारीक बारीक विचार. मराठी कुणी शिकवली? उन्हाळ्यात वॉर्डात पाणी कुठून यायचं? कोणता रोगी हातचा गेला आणि अजून आठवतो? स्वतःची मुलं शिकायला लांब थंड हवेच्या ठिकाणी ठेवली होती का, आणि ती मुलं पुढे काय म्हणाली? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कंपाउंडर, आया, दाई, स्वयंपाकी, गावोगाव फिरणाऱ्या बायबलबाया यांची नावं विचार. अहवालात ही माणसं बहुधा नुसती 'नेटिव्ह मदतनीस' असतात. तू नाव कळव, मी इकडे त्यांचं घर शोधते.

अवघड प्रश्नही विचार. 1956 पर्यंत आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. त्या सरकारने 1954 मध्ये डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत जायला सांगावं, अशी शिफारस तिच्या 1956 च्या अहवालात आहे. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. त्या दिवसांत मिशनच्या बंगल्यात काय बोललं जात होतं? मला हे खरोखर जाणून घ्यायचं आहे. माझ्या वहीत दोन्ही तऱ्हेची माणसं आहेत. कुणाची आई त्या दवाखान्यामुळे वाचली, तर कुणाचा चुलता बाप्तिस्मा घेऊन घरापासून कायमचा तुटला. दोघांचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहिलं आहे. तूही तसंच लिही. त्यांची मराठी मोडकी असली तर सुधारू नकोस, उलट मराठीत बोलायला लाव. भाषा बदलली की आठवणी बदलतात, असा माझा अनुभव आहे.

रेकॉर्डिंगच्या आधी परवानगी घे, तारीख आणि ठिकाण सुरुवातीलाच बोलून ठेव, आणि एक प्रत त्यांच्या मुलाबाळांना दे. तुझ्या भागातल्या चर्चमध्ये या रविवारीच जाऊन चौकशी कर. नावं मिळाली की जे सर्वांत थकलेले असतील त्यांच्याकडे आधी जा. परीक्षेनंतर बघू, असं म्हणू नकोस.

तुझी,
आत्या